भिंतीकडची बाजू

अप्पा, म्हणजे माझे सासरे, साठ वर्षांपूर्वी राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळले होते. तेव्हा हौशी खेळाडूंना पैसे घ्यायला बंदी, म्हणून नुसता एक चांदीचा कप मिळाला. विद्यानगरच्या या घरात कुणी येणार म्हटलं की विभूती लावून तो घासायचा, हे आधी सासूबाईंचं आणि मग माझं काम. शिवाय कपाटात ठेवताना कोरलेल्या अक्षरांची, पोचा आलेली बाजू भिंतीकडे करायची, हे अप्पांचं फर्मान. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

आज सत्काराला क्लबची माणसं येणार आहेत. त्यांना कपावरच्या नावाचा फोटो हवाय. म्हणून घासून झाल्यावर पहिल्यांदाच नीट बघितलं, तर सगळं गुळगुळीत. नाव नाही, साल नाही. आम्ही दोघींनीच घासून उडवलं होतं.

कप घेऊन अप्पांच्या आरामखुर्चीपाशी गेले. "अप्पा, यावरचं सगळं पुसलं गेलंय."

त्यांनी चष्मा न लावताच कपावरून अंगठा फिरवला.

"रनर-अप लिहिलेलं पण गेलं?"

"ते पण गेलं."

अप्पांनी डोळे मिटले. "मग आता कसाही ठेव."