बर्फातली क्लिप

उन्हाळ्यात तोम नदीचं पाणी ओसरतं, पण पोरांची खुमखुमी ओसरत नाही. दर जुलैत कुणीतरी सूर मारतं आणि मान मोडून इस्पितळात येतं. यंदा आली तैसिया, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान. मानेचे दोन मणके जागचे सरकलेले. हातपाय हलत होते, हेच नशीब. मणके सरळ करून क्लिपने आवळायचे होते. क्लिप सैल बसली आणि ते पुन्हा सरकले, तर आतला मज्जारज्जू चिरडला गेला असता.

ही क्लिप बसवणार होती झ्लाता. पहिल्यांदाच, स्वतःच्या हाताने.

"नीट बसवा हं डॉक्टर," भूल देण्याआधी तैसिया म्हणाली. "मान वाकडी राहिली तर जन्मभर शेजारणीच्या पेपरात डोकावतेय असं वाटेल."

"मग पास तरी होशील," झ्लाता म्हणाली.

क्लिपचा धातू भारी हट्टी. बर्फाच्या पाण्यात मऊ पडतो, तेवढ्यात क्लिपच्या टोकांच्या आकड्या हव्या तशा फाकवून घ्यायच्या. पण ऊब लागली की त्याला आपला मूळ आकार आठवतो, आकड्या मिटतात आणि हाडाला अशी मगरमिठी मारतात की सुटायचं नाव नाही.

मणके झकास सरळ झाले. झ्लाताने बर्फाच्या पाण्यात आकड्या फाकवल्या, क्लिप बाहेर काढली आणि इथेच तिला मोह झाला. भिंतीवरच्या एक्स-रेशी एकदा ताडून पाहावं म्हणून तिने ती दिव्याखाली धरली. काय देखणी दिसत होती. बघता बघता चिमट्यातल्या आकड्या हळूच आत वळू लागल्या.

"बघत काय बसलीस, लग्नाची अंगठी आहे का ती?" समोरून ग्लेब अर्काद्येविच म्हणाले. ते विभागाचे प्रमुख, झ्लाताचे गुरू. "घाल लवकर. अजून जाईल. जरा दाब."

झ्लाताने क्लिप हाडाजवळ नेली आणि तिथेच थांबली.

"नाही जाणार. गेली तरी काठावर अडकेल, खाली पोचणार नाही."

"मी अशा चिक्कार दाबून बसवल्यात."

"तुमचा हात तुमच्यापाशी, ग्लेब अर्काद्येविच. चूक माझी झाली, ती मी हिच्या मानेत नाही कोंबणार." तिने क्लिप परत वाडग्यात सोडली. "राया मावशी, ताजा बर्फ द्या."

परिचारिका राया मावशीने ग्लेबकडे पाहिलं. मग तिने बर्फ ओतला.

सगळे उभे. झ्लाता वाट बघत राहिली, आणि गंमत म्हणजे तिला भीती वाटेना. धातू गार पडला. तिने आकड्या पुन्हा फाकवल्या आणि या खेपेला इकडेतिकडे न बघता क्लिप सरळ मणक्यांवर नेऊन बसवली. मग वरून कोमट सलाईनची धार सोडली. आकड्या मिटल्या, दोन्ही हाडं एकमेकांना भिडली.

ग्लेबनी चिमट्याने क्लिप ओढून पाहिली. मग जरा जोर लावून. ती तसूभर हलली नाही.

त्यांनी हातमोजे काढले. "टाके तू घाल. मी चहाला चाललो."

दार मिटलं. राया मावशी थक्क होऊन बघतच राहिली. "सगळे टाके पडल्याशिवाय हा माणूस कधी खोलीबाहेर गेलेला नाही गं."

"जाऊ दे की, भूक लागली असेल," झ्लाता म्हणाली आणि तिने दोऱ्यासाठी हात पुढे केला.