लांबमानीवरचा करपा

फांदीचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वाकलेलं दिसलं आणि सुनेने फांदी खाली ओढली. पानं जाळावर धरल्यासारखी काळी पडली होती, पण गळली नव्हती. सालीवर चिकट थेंब. करपा! आणि तोही नेमका लांबमानीवर.

सासऱ्यांच्या बागेत देशोदेशींच्या चाळीस जातींच्या नाशपाती होत्या. सफरचंदासारख्या गोल, करकरीत, लोण्यासारख्या मऊ, शिजवल्याशिवाय दाताला दाद न देणाऱ्या. पण लांबमानीचं झाड एकच. तरुणपणी त्यांनी तिची कलमाची काडी समुद्रापलीकडून आणली, पुढे तिथली बागच तोडली गेली. कुणी कलम मागितलं की म्हातारा वाटाण्याच्या अक्षता लावायचा.

"बाबा, आत्ताच कापायला हवं. आभाळ भरून आलंय. पाऊस पडला की रोग साऱ्या बागेत पसरेल."

"हात लावून तर बघ!" सासरे झाडाला पाठ लावून उभे राहिले. "एक बोट सडलं म्हणून माणूस मारतेस?"

"माणूस वाचवायलाच बोट कापतेय."

ते पुटपुटत बाजूला झाले. तिने करवत स्पिरिटने पुसली आणि फांदी रोगाच्या हातभर खाली कापली. साल खरवडली. आत तपकिरी रेघ. आणखी हातभर. पुन्हा रेघ. लांबवर गडगडलं. शेवटी तिने खोडाचीच साल तासली आणि तिचे हात थांबले. रेघ बुंध्यापर्यंत उतरली होती.

सासऱ्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "दे इकडे," म्हणाले, आणि करवत घेऊन खाली बसले.

दोघांनी आळीपाळीने झाड पाडलं. फांद्या पेटल्या, तेव्हा टपोरे थेंब पडू लागले होते. तेवढ्यात तिला सासऱ्यांचा खिसा ओला दिसला.

"बाबा, खिशात काय आहे?"

"कुठे काय?"

तिने हात पुढे केला. मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली लांबमानीची काडी बाहेर आली.

"वरून धडधाकट आहे गं."

"खोडही तसंच दिसत होतं, बाबा."

"मागणाऱ्यांना वेळीच दिली असती तर..." काडी त्यांनी तिच्या हातात दिली नाही. स्वतःच जाळात टाकली.

महिनाभर दोघं रोज झाडन् झाड तपासत होते. करपा पुन्हा दिसला नाही. लांबमानीच्या जागी मात्र सासऱ्यांनी काही लावू दिलं नाही.