पान उलटायची जागा

“आधी पान उलटायची जागा बघ. तिथे वाजवणाऱ्याचा हात मोकळा आहे का? असेल तरच बटण दाब.”

अण्णांचा हा आवाज अजून माझ्या अंगात कुठेतरी अडकून बसला आहे. कागद अडकतो ना, तसाच. मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. मूळचा रंग पांढरा होता, आता जुन्या दातासारखा पिवळट झाला आहे. ट्रेची एक बाजू तुटली, ती रबरबँडने बांधली आहे. कागद ओढणारे माझे रबरी रोलर झिजून गुळगुळीत झाले आहेत. त्यामुळे कधी एकाऐवजी दोन कागद ओढतो, कधी नुसताच घरघरतो. खरे सांगू? मी थकलो आहे. थकलेल्याने फार बोलू नये म्हणतात. पण एवढी एक गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. आठवते ती खोके उघडल्यावर दिसलेली खिडकी. तळमजल्यावरची खोली, दाराला तीन पायऱ्या, रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीचे दुकान. खिडकीशी टेबल, आणि टेबलाशी अण्णा.

अण्णांचे काम जगावेगळे होते. वाद्यवृंदासाठी कुणी रचना लिहिली, की त्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात. पण प्रत्येक वादकाला लागते फक्त त्याची ओळ. ती वेगळी काढून, पाच रेघांवर सुवाच्य मांडून द्यायची, हा त्यांचा धंदा. चाळीस वर्षे त्यांनी हे शाईने केले. मग हात कापू लागला. तेव्हा त्रेसष्टाव्या वर्षी ते संगणकावर स्वर मांडायला शिकले आणि मला घेऊन आले.

त्यांचा एक दंडक होता. वादकाचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात. मग तो पान उलटणार कधी? जिथे त्याच्या ओळीत विराम असेल, तिथेच. म्हणून पान नेहमी विरामावर संपले पाहिजे. त्यासाठी अण्णा एखादी ओळ सैल करत, एखादी आवळत, अर्धा दिवस घालवत. “ऐकणाऱ्याला यातलं काही कळणार नाही,” ते म्हणत, “आणि कळलं नाही म्हणजेच आपलं काम झालं.”

रोज सकाळी ते मला मऊ फडक्याने पुसत, एक चाचणीचे पान काढत आणि खिडकीच्या उजेडात धरून बघत. बरे नसले तरी हा नेम चुकला नाही. “घेतला वसा टाकायचा नाही,” एवढेच म्हणत. आलेल्या-गेलेल्याला माझी ओळख करून देत, “मला दोन मुलगे. एक फार बोलतो, एक छापतो.”

बोलणारा मुलगा शिक्षक होता. त्याचे लग्न झाले, घरात सूनबाई आल्या आणि हळूहळू टेबलाशी बसून अण्णांचे काम शिकू लागल्या. सासऱ्यांचे विनोद त्यांनी असे उचलले की त्या मला सरळ ‘भावजी’ म्हणू लागल्या. कागद अडकला की माझे झाकण उघडून म्हणत, “भावजी, आता रुसू नका. पाहुणे दारात उभे आहेत.” आणि कागद हिसकायच्या नाहीत, ज्या दिशेने तो आत गेला त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश ओढायच्या. ते दिवस माझे चांगले होते. दिवसाला शंभर-शंभर पाने निघत आणि मला थकवा ठाऊक नव्हता.

या घरातून जाणाऱ्या पानांत एक गठ्ठा वेगळा असे. तो आत्यांचा. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. त्या वाद्यवृंदात शेवटच्या रांगेत बसून चेलो वाजवत. गुडघ्यांत धरून वाजवायचे ते मोठे, भरदार आवाजाचे तंतुवाद्य. त्यांची पाने अण्णा कुणाहाती पाठवत नसत. कापडी पिशवीत घालून स्वतः नेत, समोर स्टुलावर बसत, आत्या वाजवत आणि अण्णा बघत राहत. पान उलटताना आत्यांची धांदल झाली, की तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि घरी येऊन ते पान पुन्हा मांडायचे.

शेवटच्या आजारात अण्णांची खाट याच खोलीत होती. एका दुपारी त्यांनी सूनबाईंना जवळ बोलावले.

“आत्याची पानं कुणाच्या हाती द्यायची नाहीत. स्वतः न्यायची. समोर बसायचं. एकदा उलटून बघायची. कबूल?”

“कबूल, अण्णा.”

“नुसतं हो म्हणू नकोस. मी पानं बघून देतो, म्हणून वाजवताना ती चष्मा पुसत बसत नाही.”

“खरंच कबूल.”

मी ऐकत होतो. महिन्याभराने खाट रिकामी झाली.

मित्रांनो, वचन कुणी एका दिवसात मोडत नाही. ते कडेकडेने झिजते, माझ्या रोलरसारखे. पहिल्या वेळी सूनबाईंना ताप होता, म्हणून पाने फोनवरून गेली. दुसऱ्या वेळी आत्याच म्हणाल्या, “कशाला एवढी तंगडतोड करतेस? पाठवून दे.” तिसऱ्या वेळी कुणी काही म्हणालेच नाही. वादकही आता पडद्यावर बघून वाजवू लागले होते. माझ्यावर धूळ बसली. माझ्या पाठीवर वह्यांचे गठ्ठे आले, चाव्या आल्या, एकदा तर ओला टॉवेलही आला.

या वर्षी वाद्यवृंदाला पन्नास वर्षे पूर्ण होणार होती. नवी रचना बसवायची होती. आत्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनची तारीख कार्यक्रमानंतरची. त्यांचा फोन आला तेव्हा सूनबाईंनी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

“पोरी, पानावर मला नुसत्या मुंग्या दिसतात गं. मी कानानं शिकते. फक्त माझी ओळ वाजवून पाठव. बाकीच्यांचा कल्ला नको.”

सूनबाईंनी प्रोग्रॅममध्ये बाकी सगळ्या वाद्यांचे आवाज बंद केले आणि आत्यांच्या ओळीची ध्वनिफीत काढली. ती एवढी जड झाली की फोनवरून जाईना. मग नवरा आपल्या धड्यांच्या ध्वनिफिती ज्या प्रोग्रॅममध्ये लहान करत असे, त्यात घालून तिचे रूप बदलले आणि पाठवून दिली. पाठवण्याआधी सुरुवात ऐकली. स्वर स्वच्छ होते. पुढचे ऐकायला वेळ नव्हता.

पंधरा दिवसांनी आत्यांचा पुन्हा फोन आला. आवाज असा, जणू कुणी आतून दिवा बारीक केला आहे.

“सूनबाई, मी दोनदा चुकले. बाकीचे वाजवत असताना माझी पाळी यायच्या आधीच मी मध्ये घुसले. संचालक काही वाईट बोलले नाहीत. ‘रविवारी आणखी एकदा बघू,’ म्हणाले. पण मला कळतं ना. रविवारी चुकले तर मीच उठेन. चेलो शाळेला देऊन टाकीन.”

“आत्या, असं नका बोलू. ध्वनिफितीत काही चुकलंय का?”

“अण्णाच्या घरातून आलेलं कसं चुकेल? माझंच डोकं आता गळायला लागलंय.”

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, “वय झालं गं तिचं. किती दिवस ओढणार?”

सूनबाई माझ्याजवळ आल्या, पाठीवरच्या वह्या उतरवल्या आणि मला पुसले. मोठ्या ठशात छापले तर आत्यांना दिसेल, असे त्यांच्या मनात आले होते. रविवार उद्यावर होता.

पहिले पान निघाले आणि माझी मान खाली गेली. पाच रेघा होत्या, पण स्वरांच्या जागी सगळीकडे रिकामे चौकोन. जणू कुणी गाणे पुसून त्याच्या खिडक्या तेवढ्या ठेवल्या होत्या.

“तुझा दीर गेला कामातून,” नवरा म्हणाला. “आता भंगारवाल्याला बोलावू.” आणि मला एक चापट बसली.

“थांबा हो. मारून कुणी शहाणं झालंय का?” सूनबाईंनी एक साधे पत्र छापून बघितले. ते नीट आले. “भावजींचा दोष नाही. फाइल काढताना स्वरांचे ठसे, म्हणजे त्यांचा फॉन्ट, तिच्यासोबत आलेलेच नाहीत. प्रोग्रॅमच्या पडद्यावर दिसतात, पण बाहेर पडताना घरीच राहिले.” त्यांनी ठसे सोबत घेण्याची खूण केली, फाइल नव्याने काढली, आणि चौकोनांच्या जागी काळेभोर, टपोरे स्वर उतरले. इतक्या दिवसांनी शाई अंगातून अशी गेली, जसे थकलेल्या पायांवर कुणी कोमट पाणी ओतावे.

पण ठसा मोठा केल्याने दोनाची चार पाने झाली होती. दोन समोर राहणार, मग उलटायचे. आणि उलटायची जागा आली होती भर धावत्या स्वरांत. सूनबाई पानाकडे बघत राहिल्या. मला ठाऊक आहे, त्यांना कुणाचा आवाज ऐकू येत होता. मलाही तोच येत होता.

त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. ओळी सैल केल्या, आवळल्या. पुढे एक लांब विराम होता, सोळा बारांचा. दोन उभ्या दांड्यांमधल्या जागेला वादक बार म्हणतात. असे सोळा बार आत्यांनी गप्प बसायचे, बाकीचे वाजवत राहणार. पानावर त्याची एक जाड आडवी पट्टी असते आणि वर आकडा. ती पट्टी त्यांनी दुसऱ्या पानाच्या अगदी शेवटी आणून बसवली.

मग त्यांनी पाने हातात धरली, आत्यांना पाठवलेलीच ध्वनिफीत लावली आणि आत्या वाजवत आहेत असे समजून बोटाने ओळ धरली. पट्टीपाशी आल्या, पान उलटायला हात उचलला. पान अर्धे वर होते, आणि पुढचा स्वर वाजूनही गेला.

“हे कसं?”

मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच. सोळा बारांची शांतता एका उचकीएवढी झाली होती. मग त्यांनी प्रोग्रॅममधून निघालेली मूळ, जड ध्वनिफीत उघडली. तिच्यात सोळाच्या सोळा बार जागेवर होते. त्या शांततेत पलीकडच्या दुकानातली सायकलची घंटी ऐकू आली.

“अहो, जरा इकडे या. लहान करायच्या त्या प्रोग्रॅममध्ये ‘निःशब्द भाग काढा’ अशी खूण आहे. ती तुम्ही केलीत?”

“हो, मीच. धडा सांगताना मी श्वास घेतो, अडखळतो, त्या जागा निघून जातात. नाहीतर मुलं कंटाळतात. का गं?”

“तुमचे श्वास गेले तर गेले. त्याच खुणेनं आत्यांचे सोळा बारही गेले.”

“म्हणजे आत्या चुकली नाही?”

“नाही. त्यांना जे ऐकवलं, तसंच त्यांनी वाजवलं. मी शेवटपर्यंत ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.”

“आणि मी तिला म्हातारी ठरवून मोकळा झालो.” त्याने माझ्या झाकणावर हात ठेवला. चापट नव्हती. “लगेच फोन कर तिला. नवी ध्वनिफीत पाठव.”

सूनबाईंनी फोन उचलला. क्षणभर हातात धरला. मग उलटा करून टेबलावर ठेवला.

“छापून घेते आधी,” एवढेच म्हणाल्या.

चार पाने. पहिली तीन निघाली आणि चौथ्याला मी दोन कागद एकदम ओढले. आत चुरा झाला. मला फार लाज वाटली. सगळे सावरत आलेले असताना मीच माती खाल्ली. त्यांनी झाकण उघडले. “भावजी, एवढं एकच पान. मग तुम्ही निवांत.” दोन्ही हातांनी, कागद गेला त्याच दिशेने. मी जीव एकवटला आणि चौथे पान बाहेर सोडले. कडेला एक फिकट रेघ आली खरी, पण स्वर सगळे होते.

मित्रांनो, माझे आयुष्य आता फार उरले नाही आणि त्याचे मला दुःखही नाही. एवढेच मागतो. यंत्राला चापट मारण्याआधी, आणि माणसाचे वय झाले म्हणण्याआधी, एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून घ्या. आणि मधली रिकामी जागा वाया गेलेली दिसली, तरी तिला हात लावू नका. तिथे कुणीतरी पान उलटत असते. कुणीतरी दम घेत असते.

सूनबाईंनी पाने खिडकीच्या उजेडात धरून बघितली. चिकटपट्टीने एकमेकांना जोडली. कपाटाच्या तळातून अण्णांची कापडी पिशवी काढली, झटकली, तिच्यात पाने आणि एक पेन्सिल ठेवली. मग माझे बटण बंद केले. एरवी मला कुणी बंद करत नाही, नुसते पेंगत ठेवतात. अंगावर स्वच्छ फडके टाकले, पण खिडकीच्या बाजूला ते थोडे अपुरे पडले, म्हणून मला दिसले.

“अगं, फोन राहिला तुझा,” नवरा आतून म्हणाला.

“राहू दे. आत्यांकडे चाललेय. त्यांच्या समोर बसायचंय मला.”

तीन पायऱ्या त्या उतरल्या. सायकलच्या दुकानापाशी थांबून त्यांनी पिशवीत हात घालून पाने चाचपली, चारही असल्याची खात्री केली, आणि उन्हातून चालू लागल्या.