सात मिनिटांचं कीर्तन

परदेशातून परतल्यापासून बुवांना जो भेटे तो एकच विचारी, विमानात कान दुखले का. दूधवाल्याने विचारलं, न्हाव्याने वस्तरा गळ्याशी धरून विचारलं, देवळात दिवा लावायला येणाऱ्या म्हातारीने तर स्वतःचेच कान धरून विचारलं. त्या सर्वधर्म मेळाव्यात झालं काय, हे विचारणारं माणूस घरात एकच होतं, आणि तिला उत्तर द्यायचं बुवा चार दिवस टाळत होते.

"अहो, सांगा की," तांदूळ निवडता निवडता बायको म्हणाली. "कीर्तनात एका शब्दावर तासभर काढता, आणि घरात तोंडाला कुलूप."

"चांगलं झालं."

"चांगलं झाल्यावर चेहरा असा होतो होय? मग वाईट झाल्यावर कसा करता, तो तरी दाखवा."

बुवा उठले. अंगरखा चढवला, मेळाव्याने दिलेलं प्रशस्तिपत्र पिशवीत घातलं. आज विश्वस्तांची बैठक होती, आणि ज्या एका गोष्टीसाठी ते साता समुद्रापार जाऊन आले होते, तिचा निकाल आज लागायचा होता.

गोष्ट होती सायकलवाल्याची. कोपऱ्यावर त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान. धर्म दुसरा, प्रार्थनेची जागा दुसरी, पण एकतीस वर्षं बुवांच्या कीर्तनात मृदंग त्याचाच. दिवसभर ग्रीसमध्ये बुडालेले हात तो आधी रॉकेलने धुई, मग साबणाने, आणि मगच वाद्याला लावी. मृदंगाच्या डाव्या अंगाला थापायची ओली कणीक बुवांच्या घरून जाई. "भावजी, आज सैल झालीय, सांभाळून घ्या," असा बायकोचा निरोपही सोबत जाई.

ज्यांना कीर्तनाची गोडी आहे त्यांना सांगायला नको, अशा जोडीत बोलणारा एक आणि बोलवून घेणारा दुसरा असतो. निरूपण ऐन रंगात आलं, की बुवा वाक्य अर्ध्यावर सोडत आणि हात जोडून गप्प उभे राहत. त्या मोकळ्या जागेत मृदंग एकटा बोले. मग शेवटच्या थापेवर बुवा उरलेलं वाक्य उचलत, आणि सभामंडपातल्या कठोरातल्या कठोर माणसाचेही डोळे भरून येत. देव नेमका त्या थापेच्या आणि शब्दाच्या मध्ये येऊन बसतो, अशी बुवांची श्रद्धा होती.

दोन वर्षांपूर्वी बाजारात दगड उडाले. कोणी कोणाला आधी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानं आठ दिवसांत उघडली, माणसं मात्र उघडली नाहीत. विश्वस्त म्हणाले, "काही दिवस तुमच्या मृदंगवाल्यांना राहू द्या घरी." ते काही दिवस अजून संपले नव्हते. सायकलवाल्याच्या वडीलधाऱ्यांनीही त्याला वेगळं काही सांगितलं नाही. बुवांनी विश्वस्तांचं ऐकलं, पण दुसरा वादक न घेता हट्टाने नुसत्या टाळांवर कीर्तन चालवलं आणि दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत दोघे बसत राहिले.

अशात परदेशातून दोघांना बोलावणं आलं. कोणीतरी त्यांचं जुनं कीर्तन ऐकलं होतं. बुवा हरखून गेले. "अरे, तिकडे सगळ्या जगासमोर आपण एकत्र बसलो, की इथे कोणाची टाप आहे नाही म्हणायची?"

"बघा बुवा," सायकलवाला म्हणाला, "तुमचा देव जरा जास्तच भोळा आहे." पण म्हणता म्हणता त्याने मृदंगाच्या चामडी वाद्या नव्या मागवल्या.

तिथलं सभागृह एवढं मोठं, की मागच्या रांगेतली माणसं बाहुल्यांएवढी दिसत. दारातच गळ्यात फिती घातल्या, प्रत्येक धर्माला निराळ्या रंगाची. दोघांच्या फिती निराळ्या, म्हणून टेबलंही निराळी. मधे सहा टेबलं आणि एक पाण्याचं पिंप. तरी बुवांना काही वाटलं नाही. गाताना एकत्र बसूच.

गाण्याआधी तासभर आयोजिका बाई आल्या, मोठ्या गोड. दुभाष्याने त्यांचं म्हणणं सांगितलं. प्रत्येक धर्माला सात मिनिटं, आणि त्या सात मिनिटांत मंचावर फक्त त्याच धर्माची माणसं. कोणी कोणाच्या वतीने बोलतंय असं वाटायला नको. एकत्र काय करायचं ते तिसऱ्या दिवशीच्या सामायिक सत्रात.

बुवांनी सायकलवाल्याकडे पाहिलं. तो मांडीवर मृदंग घेऊन कणीक थापत होता. त्याचा हात थांबला.

"आपण पाहुणे," बुवा हळूच म्हणाले. "तिसऱ्या दिवशी आहेच की."

सायकलवाल्याने कणीक खरवडून कागदात गुंडाळली. "गा तुम्ही. मी इथून ऐकतो."

बुवा गायले. छान गायले, हेच तर त्यांना आता सोसवत नव्हतं. ध्वनिक्षेपक उत्तम होता, आवाज लागला होता, आणि समोर हजार माणसं माना डोलवत होती. रंगाच्या भरात त्यांनी सवयीने वाक्य अर्ध्यावर सोडलं, हात जोडले आणि मृदंगाची वाट पाहत उभे राहिले.

मृदंग सहा टेबलं लांब, गवसणीत होता.

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. बुवांच्या लक्षात आलं तोवर हजार माणसांनी डोळे मिटले होते. कोणी छातीवर हात ठेवला, कोणी रडू लागलं. हे मुद्दाम धरलेलं मौन आहे असं सगळ्यांनी समजून घेतलं. बुवांनी घाईघाईने वाक्य पुरं केलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला. नंतर जो तो हात हातात घेऊन त्या मौनाचंच कौतुक करी. "तसं काही नव्हतं, माझा माणूस तिकडे बसला होता," हे वाक्य बुवांच्या ओठांपर्यंत दहादा आलं. प्रत्येक वेळी त्यांनी नुसते हात जोडले.

तिसऱ्या दिवशी पुढाऱ्यांची भाषणं लांबली आणि सामायिक सत्र आटोपतं घेतलं. सगळ्यांनी हात धरून एक छायाचित्र काढलं, बस. विमानात सायकलवाल्याने मृदंग मांडीवर धरला होता. बुवांनी विचारलं, "रागावलास?" तो म्हणाला, "कान दुखतायत."

आता बैठकीत बुवांनी प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवलं, छायाचित्र ठेवलं आणि म्हणाले, "माझी एवढीच विनंती. येत्या कीर्तनापासून त्यांना पुन्हा बसू द्या."

अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक, मनाने वाईट नव्हते. बुवांच्या कीर्तनात रडणाऱ्यांत तेच पहिले. त्यांनी खिशातून फोन काढला. "बुवा, तुमची चित्रफीत आमच्याकडे तुमच्या आधीच पोचली. काय गायलात हो! घरी सगळ्यांनी तीनदा बघितली." मग जरा अवघडून म्हणाले, "दोन वर्षं तुम्ही आम्हाला सांगताय, तो नसेल तर कीर्तनात जीव नाही. आम्हालाही रात्रंदिवस टोचायचं ते, खोटं कशाला बोलू. या बैठकीत त्याला परत बोलवावं, असं आमच्यातल्या दोघांचं मत होतंही. पण तिकडे तर तो समोर बसलेला असूनही तुम्ही त्याच्यावाचून गायलात. मग इथेच का अडतंय?"

"तो तिथला नियम होता."

"मग हा इथला."

आयुष्यभर लोकांच्या शंका फेडणाऱ्या बुवांनी प्रशस्तिपत्र पुन्हा पिशवीत घातलं. देवाला हाक मारून पाहिली. अध्यक्षांनी चहा मागवला. वखारीतले एक कारकून बरा मृदंग वाजवतात, सोमवारपासून ते येतील, असं कोणीतरी म्हणालं आणि तसं लिहून घेतलं. बुवांनी मान हलवली की नाही, हे त्यांना स्वतःलाही आठवेना.

दुकानात सायकलवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"काय म्हणाले?"

बुवांनी सगळं सांगितलं, कारकुनासकट. मग न राहवून म्हणाले, "मी तिथे म्हणायला हवं होतं रे. हा नसेल तर मी गाणार नाही, एवढंच."

बुवा थांबले. 'जाऊ द्या हो बुवा' हे चार शब्द ऐकायला त्यांचे प्राण कानात गोळा झाले होते. एकतीस वर्षांत सायकलवाल्याने त्यांची प्रत्येक चूक सांभाळून घेतली होती.

सायकलवाल्याने ट्यूब पुसली, भोकावर खूण केली.

"हो," तो म्हणाला. "म्हणायला हवं होतं."

मागे एक गिऱ्हाईक सायकल धरून उभं होतं. सायकलवाल्याने बुवांच्या खांद्यावरून त्याला विचारलं, "हवा, की ब्रेक?" आणि आपण वाटेत उभे आहोत हे लक्षात येऊन बुवाच बाजूला सरले.