नाकपुड्यांतली ग्रेव्ही

इंग्लंडमधल्या लाँगटन या कुंभारकामाच्या गावात, आमच्या चिनी मातीच्या छोट्या कारखान्यात फुलदाण्या आणि भिंतीवरची बदकं व्हायची, तोवर ठीक होतं. पंचावन्न साली आमचे मालक सिरिल टनिक्लिफ यांना डुक्कर सुचलं. रविवारच्या जेवणात ग्रेव्ही वाढायचं भांडं. शेपूट धरून तिरकं केलं की ग्रेव्ही दोन्ही नाकपुड्यांतून यायची. दाट, तपकिरी, आणि शेवटचा थेंब वरच्या ओठावर लोंबत राहायचा. मी भट्टीवाला. जन्मभर धूर गिळला, पण ग्रेव्ही सोडली ती त्या दिवशी.

आमच्याकडे रंगवणारी बाई प्रत्येक भांड्याच्या बुडाशी स्वतःची खूण काढते. आणि गावात कुणीही कुणाकडे जेवायला गेलं की आधी बशी उलटी करून बूड वाचतं, मग तब्येतीची चौकशी.

"याच्याखाली माझी खूण यायची नाही," आमची रंगवणारी विनी कोलक्लफ मालकांना म्हणाली. "लोक म्हणतील, विनीचा शेंबूड."

"विनीबाई, अहो, विनोद आहे हा!"

"मग विनोदाला तुमचं नाव द्या, मालक."

"बुडाशी खूण दिसली नाही, तर उद्यापासून तुम्हीही इथे दिसायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी लंडनच्या मोठ्या दुकानाचे खरेदीदार, पेव्हरेलसाहेब, जेवायला आले. भट्टीवर गरम केलेलं मटण मीच आत नेलं. मधोमध ते डुक्कर, काठोकाठ भरलेलं. पाहुण्यांनी पहिली धार बघितली आणि काटा खाली ठेवला.

मालकांना मात्र एकच घोर: बाईनं खूण काढली की नाही? न राहवून त्यांनी डुक्कर उचललं आणि गावच्या रीतीप्रमाणे सरळ उलटं केलं.

सगळी ग्रेव्ही पेव्हरेलसाहेबांच्या मांडीवर. बुडाशी विनीच्या वळणदार अक्षरात: सिरिल टनिक्लिफ.

"हे कुणी...?" मालक ओरडले.

पण पाहुणे पँट पुसता पुसता वाचत होते. "मालकाची स्वतःची सही! लोक तुटून पडतील हो. प्रत्येकावर हवी."

"प्रत्येकावर? अहो, गावात माझी आई राहते!"

"सही नसेल तर माल नको."

तर विनीची खूण वाचली. विनी नाही वाचली. कारखाना बंद पडेपर्यंत रोज सकाळपासून ती नाकपुड्या आतून गुलाबी रंगवत बसायची, आणि मालक मागून वाकून सांगायचे, "अजून जरा ओल्या दिसू देत, विनीबाई."