बिनचूक पान

आठव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि दीनाचे कान कायमचे गेले. बोलणं तेवढं राहिलं. बहात्तर साली ती नगरच्या शाळेत अकरावीला होती. सर बोलतील ते शेजारची मालन भराभरा वहीत उतरवायची आणि दीना ते वाचत वर्गाबरोबर चालायची.

सहामाहीला दीनाचे मार्क घसरले. तिचे वडील कृपादान मास्तर दुसऱ्या शाळेत शिकवत. त्यांनी मालनची वही मागून घेतली, लाल पेन्सिल काढली. शुद्धलेखनाचा पत्ता नाही, सनावळ्या गाळलेल्या. उलट मध्येच, 'सरांचा खडू मोडला', 'गोरक्ष झोपलाय, हसू नको'. मास्तरांनी अशा प्रत्येक ओळीभोवती लाल गोल केला.

मग त्यांनी परीक्षाच घेतली. शॉर्टहँड शिकलेला त्यांचा जुना विद्यार्थी विल्सन आणि मालन यांना समोर बसवून पाच मिनिटं वर्तमानपत्र वाचलं. मालनच्या एकोणीस चुका निघाल्या. विल्सनची एकही नाही. मात्र त्याच्या रेघोट्या त्यालाच वाचता येत. टाइप केलेलं पान संध्याकाळी मिळणार होतं.

"मग वर्गात मी काय करू, पपा?" दीनानं विचारलं.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'फळ्याकडे लक्ष दे.'

मालन दप्तर आवरत म्हणाली, "चुका व्हत्यात माज्या, मास्तर. पर आमी हसलो की ही बी हसायची."

"हसण्याला मार्क नसतात, बाई."

विल्सन वर्गात दाराशी खुर्ची टाकून बसू लागला. दीनाचं लक्ष उडू नये म्हणून मास्तरांनी वर्गशिक्षकांना सांगून मालनची जागाही बदलून घेतली. दीनाचे मार्क वाढले.

जानेवारीतल्या एका शनिवारी मास्तर घरी आले, तर दीना ओट्यावर उन्हात शेंगा फोडत बसलेली.

"आज लवकर सोडलं, पपा," ती हसून म्हणाली. "का सोडलं ते संध्याकाळी कळेल."

संध्याकाळी विल्सन पान घेऊन आला. तिसऱ्या ओळीत होतं: 'मालनचे वडील आज पहाटे वारले. त्यांना जामखेडला नेणार आहेत. मालन व तिची आई यापुढे तिकडेच राहतील. वर्ग सोडला आहे. सर्वांनी अकराच्या आत तिच्या घरी जावे.'

"अरे, हिला तिथल्या तिथं सांगितलं का नाहीस?"

"सगळं लिहिलंय की, सर," विल्सन गोंधळला. "मला वाटलं, मुली सांगतील. त्यांना वाटलं, मी सांगेन. ट्रकमध्ये चढेपर्यंत मालन विचारत होती, दीना का नाही आली म्हणून."

दीनानं पान दोनदा वाचलं. घडी घालून आत गेली.

सोमवारी ती शाळेत गेली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मास्तरांना ते पान त्यांच्या टेबलावर सापडलं. लाल पेन्सिलीनं प्रत्येक ओळ तपासलेली होती आणि खाली दीनाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चूक एकही नाही.'