एका टाक्याची दोन कुलपं

तुम्ही कधी पाण्याला कुलूप लावलेलं पाहिलंय का?

दागिन्यांच्या पेटीला, दुकानाला, धान्याच्या कोठीला लावलेलं पाहिलं असेल. मी मात्र पाण्याचं कुलूप आहे. पितळेचं, हातात घेतलं तर वजन जाणवेल असं, अलीगढच्या बनावटीचं. इकडे मला ताळो म्हणतात आणि 'तो ताळो' अशी हाक मारतात, म्हणून मीही पुरुषासारखाच बोलतो.

आमची ढाणी, म्हणजे वाळवंटातली वस्ती, दोन घरांची. पश्चिमेला वाळूची एक टेकडी, तिच्यापलीकडे सीमेची तार. दोन घरांच्या मध्ये जमिनीत खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. ताजारामने आपल्या दोन मुलांना, देदाराम आणि मूलारामला, हाताशी घेऊन ते खोदलं. चुन्याने आतून लिंपलं. भोवतालची जमीन उतरती करून शेणामातीने सारवली. वर्षात जो काही पाऊस पडतो तो त्या उतारावरून टाक्यात जातो. त्या उतारावर कुणी चप्पल घालून चालत नाही. पाहुणा चुकून चढला तरी घरातून ओरड होते.

टाकं पहिल्यांदा भरलं तेव्हा ताजाराम गुरांच्या जत्रेत गेला आणि मला घेऊन आला. बायको म्हणाली, "घराला कुलूप नाही, तुपाच्या गाडग्याला नाही, आणि याला?" ताजाराम म्हणाला, "तूप सांडलं तर रोटी कोरडी खाऊ. पाणी सांडलं तर काय खाशील?" त्याने मला लोखंडी झाकणाच्या कोयंड्यात अडकवलं. किल्ली खांबाच्या खुंटीवर टांगली. ज्याला पाणी हवं त्याने किल्ली घ्यायची, पाणी काढायचं, मला पुन्हा लावायचं. माझी भीती माणसांना नव्हतीच. शेळ्यांनी झाकण ढकलू नये, पोरांनी आत वाकू नये, एवढंच माझं काम.

एक गोष्ट मला नेहमी खटकायची. इतकी वर्षं ज्या पाण्यावर मी बसलो होतो, ते मला कधी दिसलं नाही. झाकण उघडायचं तर आधी मला काढून टाक्याच्या ओट्यावर ठेवायचे. रबरी बादली खाली जायची. ती हलकी, पाण्यावर तरंगत राहायची, बुडायची नाही. मग दोरीला झटके द्यावे लागायचे. तो आवाज तेवढा मी ऐकायचो.

ताजाराम गेला, त्याची बायको गेली. एका घरात देदाराम आणि त्याची बायको पेमी राहिली. त्यांचा मुलगा सुरतेला कामाला. दुसऱ्या घरात मूलारामची बायको गवरी आणि तिची लहान मुलगी सुगणी. मूलाराम ट्रकवर, महिना महिना कांडला बंदराच्या रस्त्याला. पेमी गवरीला 'बिनणी' म्हणायची, म्हणजे नवी सून. गवरीच्या लग्नाला किती वर्षं झाली तरी ती बिनणीच. गवरी पेमीला 'जीजी' म्हणायची, म्हणजे ताई. देदाराम थोरला दीर, म्हणून त्याच्यासमोर गवरीचा पदर नाकापर्यंत आणि तोंड बंद. काही सांगायचंच झालं तर ती सुगणीला सांगायची, "सुगणी, मोठ्या बाबांना सांग, शेळी सुटलीय." देदाराम समोरच उभा असायचा. तोही म्हणायचा, "सुगणी, तुझ्या आईला सांग, बघितली."

मग पंचायत समितीची निवडणूक आली. आमच्या भागातली जागा बाईसाठी राखीव झाली आणि एका गटाने पेमीला उभं केलं. पेमी फार शिकलेली नाही, पण बोलायला पक्की. ओट्यावर बसून सांगायची, "मी निवडून आले की दारात नळ. मग हा ताळो जत्रेत विकून टाकीन." मला वाईट वाटलं नाही. आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत नळ येतो आणि निवडणुकीबरोबर परत जातो.

दुसऱ्या गटाच्या प्रचारात गवरीचा भाऊ होता. एका दुपारी त्यांची जीप आमच्या ढाणीपाशी तापून बंद पडली. गवरीने खुंटीवरची किल्ली घेतली, मला उघडलं, गाडीत दोन बादल्या पाणी ओतलं आणि माणसांनाही पाजलं. पेमी प्रचाराहून परतली तेव्हा जीप नुकतीच निघाली होती आणि भोंग्यातून तिच्याच विरोधी बाईचं नाव ऐकू येत होतं.

"माझ्या विरोधात बोंबलत फिरणाऱ्या गाडीला माझंच पाणी पाजलंस?"

"बोंबलत होता भोंगा, जीजी. तापलं होतं इंजिन," गवरी म्हणाली. "आणि तहानलेल्याला कुठली पार्टी विचारायची?"

"माहेरचा पुळका आला म्हण ना."

"आणि तुझं पाणी कधीपासून झालं? सासऱ्यांनी कुदळ दोन्ही मुलांच्या हातात दिली होती."

त्या संध्याकाळी पेमीने खुंटीवरची किल्ली काढली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली. पुढच्या बाजाराच्या दिवशी गवरी एक नवं चकचकीत कुलूप घेऊन आली आणि माझ्याच कोयंड्यात, माझ्या शेजारी अडकवलं. आता एकट्या पेमीला पाणी काढता येईना आणि एकट्या गवरीलाही.

ज्या दोघी एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या, त्यांना रोज सकाळी माझ्यासमोर एकत्र यावं लागायचं. पेमी मला उघडायची, गवरी नव्याला. बोलायचं मात्र बादलीशी.

"ए बादली, सांग कुणाला तरी, अंग धुवायला पाणी कमी वापरा म्हणावं. उन्हाळा अजून उतरला नाही."

"ए बादली, सांग कुणाला तरी, आम्ही अंग धुतो, लोकांसारखं भाषणं झोडून घसा धूत नाही."

नवं कुलूप मला हळूच विचारायचं, "काका, या दोघी नेहमीच अशा?" मी म्हणायचो, "नाही रे. निवडणूक आहे."

मतदान झालं. मतमोजणी तीन दिवसांनी होती. आमच्याकडे एक पद्धत आहे. मतं पेटीत पडली की प्रत्येक गट आपापले उमेदवार गाडीत घालून लांबच्या हॉटेलात नेऊन ठेवतो. प्रधान, म्हणजे समितीचा प्रमुख, निवडायच्या वेळी कुणी फुटून दुसऱ्या गटात जाऊ नये म्हणून. मेंढरं बाड्यात कोंडतात तशी माणसं कोंडायची, म्हणून तिला नावच बाडाबंदी. पेमीला हे ठाऊक नव्हतं. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी जीप आली. "मिटिंग आहे, संध्याकाळी परत आणून सोडतो," असं तिला सांगितलं. तिने नवी ओढणी घेतली. देदारामही साफा बांधून निघाला. तिची गाय नुकतीच व्यालेली. तिच्यापुढे चारा टाकला, कुंडी भरली आणि पेमी जीपमध्ये चढली.

गवरी ओट्यापाशी उभी होती. पेमीच्या गळ्यातला काळा दोरा तिला दिसला. मला तर तो आधीपासूनच दिसत होता. पण गवरीसमोर थोरला दीर उभा, जीपमध्ये चार परके पुरुष, आणि मध्यस्थी करणारी सुगणी आजोळी गेलेली. गवरीने पदर ओढला आणि तोंडातून आवाज काढायच्या ऐवजी बादली उचलून ओट्यावर जोरात आपटली. एकदा, पुन्हा, पुन्हा.

पेमीने मान वळवली. "बघा, बघा! शुभ कामाला निघाले तर भांडी आपटून निरोप देतेय. चला हो, गाडी काढा."

जीप गेली. मी कोयंड्यात तसाच लटकत राहिलो आणि माझी किल्ली निघून गेली.

संध्याकाळी पेमी आली नाही. गवरीने फोन लावला, तो बंद. सगळ्यांचे फोन काढून घेतले होते, हे नंतर कळलं. त्यातच सीमेवर काहीतरी बिनसलं. रस्त्यावर लष्कराच्या गाड्यांची रांग लागली, इतर जड वाहनांना बंदी झाली आणि गावच्या हौदात पाणी घालणारा टँकर वाटेतच अडकला. गावातले लोक आपापल्या टाक्यांवर भागवत होते. आमचंही टाकं अर्धं भरलेलं होतं. पण माझ्याखाली.

गवरीच्या घरात दोन मडकी भरलेली होती. दुसऱ्या दिवशी गस्तीवरचे तिघे जवान उन्हातून आले आणि पाणी मागितलं. दारात आलेल्याला पाणी नाही म्हणणं आमच्याकडे शिवीपेक्षा वाईट. गवरीने एक मडकं त्यांच्यापुढे रिकामं केलं. एकजण ओट्यावर टेकला, आम्हा दोघांकडे बघून हसला.

"ताई, आमच्या दारूगोळ्याच्या कोठीला एक कुलूप असतं. तुमच्या पाण्याला दोन?"

"आमच्याकडे तारेपलीकडचं भांडण नाही, दादा. चुलीपलीकडचं आहे."

"एकच किल्ली आहे ना तुमच्याकडे? सांगा, एका फटक्यात तोडून देतो."

"नको," गवरी घाईने म्हणाली. "घरचं कुलूप आहे ते."

मला तिचा हा नकार कळला. आमच्या भागात दुसऱ्याच्या पाण्याचं कुलूप फोडणं म्हणजे चोरी, आणि धान्याच्या चोरीहून मोठी. एका घराने असं केलं होतं, तेव्हा त्यांच्या पोरींची लग्नं अडली होती. आणि इथे तर गवरी विरोधी गटातल्याची बहीण.

दुपारी गवरी फोनवर बातम्या बघत ओट्यावर बसली. मला आवाज येत होता. कुणी बातमीदार सांगत होता की अमुक गटाचे उमेदवार तलावाकाठच्या हॉटेलात सापडले आहेत. गवरी एकदम पुढे वाकली. "ही बघ! ही बघ जीजी!" ती मलाच सांगत होती. हॉटेलच्या आवारात पोहायचा निळा हौद होता. त्याच्या काठावर इतर बायका हसत होत्या. पेमी त्या पाण्याकडे बघत पाय वर घेऊन बसली होती आणि गळ्यात काळा दोरा होता.

"एवढं पाणी," गवरी म्हणाली. "आणि ते सगळं उघड्यावर."

तिसऱ्या दिवशी सकाळी पेमीची गाय ओरडायला लागली. कुंडी कालच कोरडी पडली होती. गवरीने आपल्या मडक्यातलं उरलेलं पाणी तिला घातलं. तेवढ्याने काय होतं? दुपारपर्यंत गाय ओरडायची थांबली. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. तिने रवंथ सोडलं. वासरू ढुशा देत होतं आणि त्याच्या तोंडाला काही लागत नव्हतं.

गवरी खलबत्त्याचा लोखंडी दांडा घेऊन आली. माझ्यापुढे उकिडवी बसली. आधी तिने आपल्या कुलपाला किल्ली लावून ते बाजूला ठेवलं. मग मला हातात धरलं.

"माझ्यासाठी असतं ना ताळ्या, तर मी गावापर्यंत चालत गेले असते," ती म्हणाली. "पण ती मुकी आहे. तुझ्या मालकिणीचीच आहे."

मला तिला सांगायचं होतं, मार. मी कोयंड्यात बसलो तो पाणी राखायला, पाणी अडवायला नाही. पण कुलपाला माणसांशी बोलता येत नाही, आणि स्वतःहून उघडताही येत नाही. तिने दांडा मारला. पहिल्या घावाला मी वाकलो. तिसऱ्या की चौथ्या घावाला माझी कडी तुटली.

गवरीने पहिली बादली गाईपुढे ठेवली. दुसरी, तिसरीही. स्वतः ती त्यानंतर प्यायली.

ऊन उतरलं तेव्हा रस्त्याच्या बाजूने दोन माणसं चालत येताना दिसली. पुढे पेमी, मागे तिच्या चपला हातात घेतलेला देदाराम. गवरीने माझे तुकडे ओट्यावर मांडून ठेवले होते. लपवले नाहीत. पेमीने ते पाहिले. मग गोठ्याकडे पाहिलं. वासरू पीत होतं.

गवरी पदराआडून म्हणाली, "ए बादली, सांग कुणाला तरी, गाय वाचली. कुलूप नाही वाचलं."

"बादलीला काय सांगतेस?" पेमी म्हणाली. "मला सांग."

आणि ती ओट्यावर माझ्या शेजारीच बसली. हळूहळू तिने सगळं सांगितलं. त्या निळ्या हौदावर हात धुवायला वाकली तेव्हा गळ्यातली किल्ली पाण्यात लोंबली आणि घरच्या टाक्याला कुलूप आहे हे तिला आठवलं. गटाचे लोक सोडेनात. मग तिने सांगितलं, "गाडी काढा, नाहीतर या हौदात उडी टाकते. मला पोहता येत नाही. उद्या पेपरात येईल." तेव्हा जीप निघाली. वाटेत कुणाचा तरी फोन आला, पेमी मतमोजणीत पडली. जीपवाल्यांनी डांबरी रस्ता संपतो तिथे तिला आणि देदारामला उतरवलं. म्हणाले, "इथून जवळच आहे की."

"हरले मी," पेमी म्हणाली. मग गवरीकडे वळून, "तू मत कुणाला दिलंस गं?"

"ते नाही सांगायची. मतदान केंद्रावरच्या मास्तरांनी सांगितलंय, मत गुप्त असतं."

पेमी हसायला लागली. देदाराम लांबून म्हणाला, "सुगणी असती तर सांगितलं असतं, तुझ्या आईला म्हणावं, बरं केलंस." सुगणी नव्हती. तरी गवरीला ते पोचलं.

माझं काम संपलं, याचं मला दुःख नाही. लोकहो, तुमच्या घरात कुलूप असेल तर असू द्या. किल्ली मात्र खुंटीवर ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवरीने आपल्या कुलपाची जोडकिल्ली पेमीच्या काळ्या दोऱ्यात ओवली, मला तुटक्या कडीने बादलीच्या काठाला वजन म्हणून बांधलं, पेमीने दोरी सोडली, आणि बादली झटका न देता बुडाली.